गुंतवणूक मोडावी लागू नये म्हणून

दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे कशात टाकू? माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: टाकलेले पैसे मध्येच काढायची वेळ आली, तर ती कशामुळे येईल? म्युच्युअल फंड (अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणारी योजना) थोडा डावा निवडला गेला तरी वीस-तीस वर्षांत बरीच भरपाई होते. पण चांगली चाललेली गुंतवणूक दहाव्या वर्षी मोडली, तर पुढे कितीही काटकसर केली तरी ते भोक बुजत नाही. का, ते आकड्यांत बघू.

दरमहा १०,००० भरले, वर्षाला १० टक्के परतावा मिळाला आणि तो दरमहा मुदलात मिळवला गेला असं धरू. (हा दर फक्त हिशेबासाठी. असा परतावा नक्की मिळेल अशी हमी कोणी देत असेल तर तिथून उठून यावं.) दहा वर्षांत तुम्ही १२ लाख भरता आणि त्यांचे साधारण साडेवीस लाख होतात. वीस वर्षांनी ७६ लाख. तीस वर्षांनी २ कोटी २६ लाख, आणि त्यात तुमच्या खिशातून गेलेले फक्त ३६ लाख.

आता हे २ कोटी २६ लाख उलगडून बघा. पहिल्या दहा वर्षांचे साडेवीस लाख तसेच पडू दिले, त्यात पुढे एक पैसाही घातला नाही, तरी तिसाव्या वर्षी त्यांचे १ कोटी ५० लाख होतात. नंतरच्या वीस वर्षांच्या सगळ्या हप्त्यांचे मिळून होतात ७६ लाख. म्हणजे अंतिम रकमेतला दोन तृतीयांश वाटा पहिल्या १२ लाखांचा आहे. दहाव्या वर्षी गाडीसाठी किंवा घराच्या डागडुजीसाठी ती रक्कम मोडली, तर पासबुकात साडेवीस लाख गेलेले दिसतात. प्रत्यक्षात दीड कोटी गेलेले असतात.

म्हणून पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे: मोडायची वेळच येऊ नये अशी मांडणी.

सुरुवात खर्चाच्या नोंदीपासून. तीन महिन्यांची बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: टाळता येणार नाही, टाळता येईल, वर्षातून एकदाच येतो. पहिल्या गटाची बेरीज म्हणजे तुमचा महिन्याचा अटळ खर्च: भाडं, किराणा, वीज, औषधं, फी, कर्जाचे हप्ते. आपत्कालीन निधी या आकड्यावरून ठरतो, पगारावरून नाही. पगार ठरलेला आणि नोकरी स्थिर असेल, तर सहा महिन्यांचा अटळ खर्च बाजूला हवा. घरात दोघं कमावते असतील तर तीन-चार महिन्यांवर भागू शकतं. व्यवसाय असेल किंवा उत्पन्न खाली-वर होत असेल, तर नऊ ते बारा महिन्यांचा ठेवा.

हा निधी बचत खात्यात किंवा दंड न भरता केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत ठेवायचा. इथे जास्त व्याजाचा मोह नको. शेअर बाजारात तर अजिबात नको, कारण मंदीत नोकऱ्या जातात आणि शेअरही त्याच वेळी पडतात. ज्या महिन्यात पैसे हवेत, नेमक्या त्याच महिन्यात ते निम्मे झालेले असतील.

इथेच एक चूक वारंवार होते. विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेची फी, गाडीची सर्व्हिसिंग, सणाचे कपडे हे सगळं आपत्कालीन निधीतून भरलं जातं आणि मग निधी कायम रिकामा. हे खर्च अचानक आलेले नसतात, त्यांची तारीखही माहीत असते. वर एकदाच येणारे म्हणून खूण केलेले खर्च एकत्र करा, १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात वळती करा. वर्षाचे असे खर्च ९६,००० असतील तर महिन्याला ८,०००. कंटाळवाणं काम आहे, पण गुंतवणूक मोडली जाण्याची निम्मी कारणं इथेच संपतात असं मी खात्रीने म्हणेन.

मग कर्ज. महिना ३ टक्के व्याजाने क्रेडिट कार्डाची बाकी थकली असेल, तर वर्षाचं व्याज ३६ टक्के नसतं. व्याजावर व्याज चढून ते ४२.६ टक्के होतं. आणि ‘किमान रक्कम’ भरत राहणं हा तर सापळाच. समजा दरमहा ३ टक्के व्याज चढतं आणि तुम्ही व्याजासकट थकलेल्या रकमेच्या ५ टक्के भरता. १,००,००० वर व्याज लागून १,०३,००० झाले, त्यातले ५,१५० भरले, उरले ९७,८५०. भरले पाच हजारांवर, बाकी उतरली दोन हजारांच्या आसपास. या गतीने, नवीन काहीही न घेता, बाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. असं कर्ज डोक्यावर असताना १० टक्क्यांच्या आशेने फंडात पैसे टाकण्यात अर्थ नाही. आधी महिनाभराच्या खर्चाएवढा छोटा निधी उभा करा, मग सगळी शिल्लक सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर टाका. ते फिटलं की तोच हप्ता पुढच्या कर्जाकडे. गृहकर्जासारखं कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज मात्र गुंतवणुकीबरोबर चालू शकतं.

विम्याबद्दल थोडक्यात. कुटुंब तुमच्या कमाईवर अवलंबून असेल तर शुद्ध मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणारा), आणि सगळ्यांसाठी आरोग्य विमा. एक मोठं आजारपण वीस वर्षांची बचत रिकामी करू शकतं. विमा आणि गुंतवणूक एकाच पॉलिसीत बांधू नका. अशा पॉलिसींमध्ये संरक्षणही तोकडं मिळतं आणि सुरुवातीच्या वर्षांत मोडल्या तर भरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी रक्कम हातात येऊ शकते.

एवढं झालं की ‘कशात टाकू’ या प्रश्नाला अर्थ येतो, आणि त्याचं उत्तर पैसे कधी लागणार यावर ठरतं. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या रोख्यांत (सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेल्या कर्जात). सात-दहा वर्षांपुढचे पैसे मोठ्या प्रमाणात शेअरमध्ये जाऊ शकतात. मधल्या काळासाठी दोन्हींचं मिश्रण. शेअरचा वाटा ठरवताना टक्क्यांत विचार करू नका, रकमेत करा. ५० लाखांपैकी ६० टक्के शेअरमध्ये आहेत आणि शेअर निम्मे झाले, तर तुमचे ३५ लाख उरतील. तो ३५ लाखांचा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. बघून झोप उडत असेल, तर शेअरचा वाटा आजच कमी करा. पडत्या बाजारात घाबरून कमी करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

आणि बाजार पडतोच. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक (निवडक मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा एकत्रित आकडा) १९२९च्या शिखरावरून १९३२पर्यंत ८९ टक्के खाली आला आणि ती पातळी पुन्हा दिसायला १९५४ उजाडलं. तिथलाच एस अँड पी ५०० हा निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये ५७ टक्के घसरला. जुनं शिखर २०१३ मध्ये ओलांडलं. २०२० मध्ये तोच निर्देशांक महिन्याभरात ३४ टक्के पडला आणि ऑगस्टपर्यंत सावरलाही. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५चं शिखर गाठलं, ते ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. या आकड्यांत लाभांश (कंपनी शेअरधारकांना वाटते तो नफा) धरलेला नाही, तो धरला तर वाट आखूड होते. तरी निक्केईकडे बघून एक गोष्ट पक्की ठरवावी: सगळे पैसे एकाच देशाच्या, एकाच क्षेत्राच्या किंवा स्वतः नोकरी करतो त्याच कंपनीच्या शेअरमध्ये ठेवायचे नाहीत. नोकरी आणि बचत एकाच जहाजात असेल, तर ते बुडताना दोन्ही जातात.

बाजार आपल्या हातात नाही, फंडाचा खर्च आहे. वरचंच उदाहरण घ्या. १० टक्क्यांतून १ टक्का वार्षिक शुल्कात गेला आणि ९ टक्के उरले, तर तीस वर्षांनी २ कोटी २६ लाखांच्या जागी १ कोटी ८३ लाख मिळतात. फरक साधारण ४३ लाखांचा, तुम्ही तीस वर्षांत भरलेल्या एकूण ३६ लाखांपेक्षाही जास्त! दर महिन्याला इतकं थोडं कापलं जातं की त्याची पावती कधी डोळ्यांत भरत नाही. म्हणून फंड बघताना आधी एक्स्पेन्स रेशो (फंडाचा वार्षिक खर्च, टक्क्यांत) बघा, मग एक्झिट लोड (ठरावीक काळाआधी पैसे काढल्यास कापलं जाणारं शुल्क), आणि मागच्या वर्षीचा परतावा सगळ्यात शेवटी. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने १९७६ मध्ये सर्वसामान्यांसाठी पहिला इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) काढला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमवायचा बेत होता आणि जेमतेम १ कोटी १३ लाख जमले. लोकांनी हसण्यावारी नेलं. आज जगभर कमी खर्चाचे इंडेक्स फंड सहज मिळतात, आणि नवख्या माणसाला शेअरसाठी असे एक-दोन व्यापक फंड पुरेसे आहेत. आठ-दहा फंड घेतले की बहुतेक वेळा त्याच कंपन्या पुन्हा पुन्हा विकत घेतल्या जातात, फक्त हिशेब वाढतो.

हप्ता आपोआप कापला जाईल अशी सोय करा. तारीख पगारानंतर तीन ते पाच दिवसांची. सुट्टीमुळे पगार एखादा दिवस पुढे गेला तरी हप्ता परत जाणार नाही. महिनाअखेरीस ‘उरलं तर टाकू’ म्हटलं की उरत नाही. शक्य असेल तर पगार एका खात्यात येऊ द्या, तिथून गुंतवणूक आणि वार्षिक खर्चाचे पैसे जाऊ द्या, आणि घरखर्चाची ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवा. कार्ड आणि फोनवरचे व्यवहार फक्त या दुसऱ्या खात्याला जोडा.

हप्ता एकदा ठरवून तसाच ठेवला तर महागाई तो कुरतडते. ५ टक्के महागाईत ३० वर्षांनी किमती ४.३ पट होतात, म्हणजे त्या २ कोटी २६ लाखांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे ५२ लाखांएवढी. हे वाचून खचून जाऊ नका, हप्ता वाढवा. पगारवाढ झाली की वाढीतला निम्मा भाग त्याच महिन्यात हप्त्यात घाला, हात त्या पैशांना सरावण्याच्या आधी.

वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, प्रमाण तपासा. ६० शेअर आणि ४० रोखे असं ठरवलं होतं आणि शेअर ३० टक्के पडले, तर हातात ४२ आणि ४० राहतात, एकूण ८२. त्यातले ६० टक्के म्हणजे ४९.२. तेव्हा ७.२ रोख्यांतून काढून शेअरमध्ये घालायचे. बातम्या सगळ्या वाईट असताना हे करायचं असल्याने मन तयार होत नाही, म्हणूनच नियम आधी लिहून ठेवायचा: प्रमाण पाच टक्के गुणांहून जास्त हललं (६०चं ५५च्या खाली किंवा ६५च्या वर गेलं) तरच पैसे हलवायचे, नाहीतर हात लावायचा नाही. जमेल तिथे विकून नव्हे तर नव्या हप्त्यांची दिशा बदलून प्रमाण सुधारा. कर आणि एक्झिट लोड दोन्ही वाचतात.

उद्दिष्ट जवळ आलं की मात्र नियम बदलतो. मुलीच्या शिक्षणाला पाच वर्षं उरली की दरवर्षी एक पंचमांश रक्कम शेअरमधून ठेवीत आणायला लागा. बाजार जोरात असताना हे नको वाटतं आणि बहुतेकजण ‘अजून एक वर्ष’ थांबतात. २००८ मध्ये फी भरायची होती आणि पैसे शेअरमध्येच होते, त्यांना तळाशी विकावं लागलं. निवृत्तीचंही तसंच: पहिल्या तीन-चार वर्षांचा खर्च ठेवींत असला, तर पडत्या बाजारात काही विकावं लागत नाही.

शेवटी कागद. एका पानावर सगळी खाती, फोलिओ क्रमांक (फंडातल्या खात्याचा क्रमांक), पॉलिसी, कर्जं, प्रत्येकाचा नॉमिनी आणि कागदपत्रं कुठे ठेवलीत ते लिहा. पासवर्ड त्यात नकोत. लग्नानंतर नॉमिनी बदलायचा राहून जातो आणि जुन्या खात्यांवर वर्षानुवर्षं आई-वडिलांचंच नाव असतं, ते आधी तपासा. नॉमिनीला पैसे मिळणं आणि वारसाचा हक्क या अनेक ठिकाणी कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे मृत्युपत्रही करून ठेवा. पानावर तारीख घाला, घरातल्या एका माणसाला ते कुठे आहे ते दाखवा, आणि प्रमाण तपासायच्या दिवशीच ते पानही नव्याने लिहा.