वाढणाऱ्याची जागा

शनिवार, रात्री

जेवणाची खोली दहा बाय बारा भरली. पूर्व-पश्चिम दहा फूट, दक्षिणोत्तर बारा. पश्चिमेला खिडकी, दक्षिणेच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आणि पूर्वेच्या भिंतीला सासूबाईंच्या हौसेचं, काचेच्या दारांचं दीड फूट खोल कपाट. नाशकात इंदिरानगरातलं हे रो-हाउस घेतल्यापासून या खोलीत रंगाच्या हातापलीकडे कुणी काही केलेलं नाही. नणंदेची लेक इंटिरियरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मिसळीचं आमिष दाखवून बोलावून घेतलं.

तिने आल्या आल्या जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी मागितली. पाच बाय तीनचं टेबल कागदांनी जमिनीवर आखलं, भोवती घरातल्या होत्या नव्हत्या त्या खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना बसवलं आणि मला म्हणाली, "मामी, आता कढई घेऊन मागून जा."

गेले कुठली! खुर्चीची पाठ आणि कपाटाचं दार यांच्यामध्ये मी अडकले. माझ्या लेकीला हसू आवरेना. भाचीने तिथेच हिशेब मांडला. दहा फूट म्हणजे १२० इंच. त्यातून कपाटाचे १८ गेले, टेबलाचे ३६ गेले, उरले ६६. टेबल मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना ३३. माणूस खुर्चीवर बसला की टेबलापासून वीसेक इंच तोच खातो. राहिले तेरा. वीतभराहून जरा जास्त.

कॉलेजात त्यांना जे आकडे शिकवतात तेही तिने सांगितले. टेबल ३० इंच उंच, खुर्चीची बैठक १८, मधल्या बारा इंचांत मांड्या. माणशी दोन फूट रुंदी, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. खुर्चीमागे जमल्यास तीन फूट मोकळे. आकडे चोखच आहेत. पण ते सगळे बसणाऱ्याच्या बाजूने मोजलेले. बसणारे बसले, पातेली मधे मांडली, ज्याने त्याने आपापलं वाढून घेतलं, इतकं सरळ जेवण आमच्याकडे रविवारीसुद्धा होत नाही. पोळी तव्यावरचीच लागते, भातावरचं वरण वाफाळतं लागतं, तूप नंतर, ताक त्याहून नंतर. तेवढ्यात कुणाला तरी लोणच्याची आठवण होते. म्हणजे जेवण होईस्तोवर एक माणूस उभा. आमच्या घरात तो माणूस मी, आणि सणावारी मी व सासूबाई.

मी भाचीला म्हटलं, आधी वाढणाऱ्याची वाट काढ, टेबल उरलेल्या जागेत बसव. तिला हे एकदम पटलं, की पटल्यासारखं दाखवलं, कोण जाणे. पण तिने पेन्सिल घेतली.

रविवार

सकाळी नवऱ्याने मधली भिंतच पाडायचा प्रस्ताव मांडला. ओपन किचन. त्याच्या मित्राने गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये केलंय. फ्लॅटची गोष्ट वेगळी, तिथे कॉलम-बीमवर सगळा भार असतो. आमची ही भिंत नऊ इंची आहे, स्लॅब तिच्यावर टेकलेला. ओळखीचे एक इंजिनियर जुने नकाशे बघायला आले होते. ते म्हणाले, साडेचार इंची पार्टिशन असती तर गोष्ट वेगळी होती, ही भिंत आख्खी काढायची तर खालून लोखंडी गर्डर द्यावा लागेल, खर्चाचं तुम्ही बघा. खर्चाचं नाव काढल्यावर नवरा चहाकडे वळला. मला तसंही ओपन किचन नको होतं. ज्या घरात आठवड्यातून दोनदा ठेचा होतो तिथे सोफ्यावर बसलेल्यांनी खोकत का बसायचं?

पण त्याच भिंतीत खिडकी पाडता येईल असं इंजिनियरच म्हणाले. तीन फूट रुंद, वर लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, लिंटेलची दोन्ही टोकं भिंतीत किमान सहा सहा इंच टेकलेली. आमचा ओटा पूर्वेच्या भिंतीला, त्यामुळे स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला आणि ही भिंत बरोबर डाव्या हाताला. तव्यावरून उतरलेली पोळी तूप लावून डावीकडच्या कडप्प्यावर ठेवायची, पलीकडून कुणीही उचलावी. कुणीही म्हणजे नवऱ्यानेसुद्धा. खिडकीला सरकती काच, फोडणीच्या वेळी बंद करायला.

मला या खिडकीचा आनंद बाकी सगळ्यापेक्षा जास्त झालाय. फेऱ्या वाचतील हे आहेच. पण इतकी वर्षं पोळ्या लाटताना पलीकडचं हसणं अर्धवट ऐकू यायचं आणि "काय झालं?" म्हणून विचारलं की "काही नाही गं" असं उत्तर मिळायचं. आता विचारावं लागणार नाही.

दुपारी टेबलाच्या दिशेवरून सासूबाई. दक्षिणेकडे तोंड करून कुणी जेवायचं नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं. भाचीने कागद उलटा केला आणि म्हणाली, टेबल दक्षिणोत्तर लांब ठेवलं की बसणारे पूर्वेला नाहीतर पश्चिमेला बघतात, फक्त टोकाची खुर्ची ठेवायची नाही. वाढणाऱ्यालाही तेच सोयीचं निघालं. पश्चिमेच्या खिडकीखाली दीड फुटाचा कायमचा बाक, त्याला लागून टेबल, खुर्च्या एकाच बाजूला. नवं कपाट बारा इंच खोलीचं केलं तर खुर्चीमागे ३४ इंच उरतात. कढई जाते. मी परत कागदांवरून चालून बघितलं.

सणाला पंगत खालीच बसते. तेव्हा टेबल दोघांनी उचलून भिंतीला लावता आलं पाहिजे, म्हणून लेकीला हवा असलेला संगमरवरी टॉप बाद. ती फुरंगटून बसली. वजन आहेच, शिवाय संगमरवराला आंबट सोसत नाही. लिंबाची फोड किंवा सोलकढी सांडलेली राहिली की पॉलिश खाऊन पांढुरका डाग पडतो, तो पुसून जात नाही. आहे तेच सागवानी टेबल तासून पॉलिश करायचं. बाकाखाली ओढते खण, त्यात पाट आणि सतरंज्या. ही मागणी सासूबाईंची, लगेच मंजूर.

गुरुवार

सुतार मिस्त्री येऊन गेले. माणूस कमी बोलतो, बोलतो ते कामाचं. बाकाला आणि कपाटाला ३०३ चं, म्हणजे साधं प्लाय चालेल, बेसिनखाली मात्र पाण्यात टिकणारं ७१० चंच घ्या, पाण्याशी गाठ आहे, असं म्हणाले. पॉलिश पावसाच्या आत उरकायचं हे त्यांनी दोनदा बजावलं. दमट हवेत मेलामाइनचं पॉलिश मारलं की वर पांढरी साय धरते. म्हणजे मृगाच्या आधी सगळं आटपायला हवं. पुढे २०२७ चा सिंहस्थ, पाहुण्यांचे फोन आत्तापासून चालू झालेत. २०१५ ला या खोलीत पंगतींवर पंगती उठल्या होत्या आणि मी रात्री उशिरा ओट्यापाशी उभ्या उभ्या आमटी-भात खाल्ला होता.

फरशीवरून टाइल्सवाल्याशी वाजलं. त्याचं म्हणणं, जुन्या मोझेकवर दोन बाय चारच्या व्हिट्रिफाइड टाका, तोडफोड नाही, काही नाही. टाइल आणि खालचा थर धरून पातळी पाऊण इंच तरी उचलली जाणार, दारं खालून कापावी लागणार आणि शेजारच्या खोलीत जाताना कायमची ठेच. सासूबाईंच्या गुडघ्यांना ती नकोच. त्यापेक्षा मोझेकलाच मशीनपॉलिश. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत घासत जायचं, शेवटी ऑक्झॅलिक पावडरचा हात. घरभर राडा होईल हे कबूल. कपाट हलवल्यावर त्याच्याखालचा मोझेक बघितला, त्यातल्या पिवळ्या-काळ्या चिपा अजून चकचकीत आहेत. एवढं चांगलं झाकायचं कशाला?

दिव्याचं लवकर ठरलं. टेबलावर तीस इंचांवर एक लोंबता दिवा, उजेड पिवळसर, ३००० केल्विनच्या आतला. सध्याच्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली वरणसुद्धा आजारी दिसतं. अडचण पंख्याची. दोन्ही मधोमध मावत नाहीत, आणि एप्रिलमध्ये पंख्याशिवाय नाशकात जेवून दाखवावं कुणी. शेवटी पंखा भिंतीवरचा, उत्तरेकडून, म्हणजे ताटातलं निवणार नाही.

राहिलं बेसिन. ते आज खोलीच्याच कोपऱ्यात आहे आणि नवरा जेवून उठला की तिथे खळखळून चुळा भरतो, बाकीचे ताक पीत असतात. माझं म्हणणं, ते जिन्याखालच्या बोळात न्या. मिस्त्री म्हणाले नेता येईल, पण सांडपाण्याच्या पाइपला फुटाला पाव इंच तरी उतार हवा, तेवढी खोली तिथे मिळते का ते फरशी उचकटल्यावरच कळेल. नवऱ्याला बेसिन हाताशी हवंय. सासूबाई त्याच्या बाजूने, लेक माझ्या बाजूने, भाची म्हणते मला यात ओढू नका. प्लंबर सोमवारी येतोय. तोवर कपाट रिकामं करायचंय. त्यात वरच्या फळीवर भांडी बाजारातून आणलेली पितळी डब्यांची उतरंड आहे, सासूबाईंच्या मते ती नव्या कपाटात काचेआड दिसायलाच हवी. चिंचेने घासणार कोण, हे मी अजून विचारलेलं नाही.