पहिला सोलो रॅप अल्बम: अर्धा तास एकच आवाज

क्रू, म्हणजे सोबत रॅप करणारी टोळी, असला की दर सोळा बारनंतर (बार म्हणजे चार ठोके) आवाज बदलतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला आपोआप विसावा मिळतो. सोलो अल्बममध्ये तो मिळत नाही. चौथ्या गाण्याला तुमचा आवाज कंटाळवाणा वाटू लागला, तर पुढची गाणी कितीही जोरदार असोत, तिथवर कुणी पोचत नाही. साताऱ्या-सांगलीत घरी बसून अल्बम करणाऱ्यांनी माइकच्या किमतीआधी याचा विचार करावा.

आधी लांबी. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांना, एक बार २.६७ सेकंदांचा. चार बार सुरुवात, सोळाचा व्हर्स (कडवं), आठचा हुक (धृपद), पुन्हा सोळा, पुन्हा आठ आणि चार बार शेवट, असे ५६ बार म्हणजे अडीच मिनिटं. दहा गाण्यांचे पंचवीस मिनिटं होतात आणि पहिल्या अल्बमला तेवढं पुरतं. दोन-तीन गाणी १४० च्या आसपास ठेवा, एखादं ७५ वर. सगळी एकाच वेगाची झाली की पाठोपाठ ऐकताना एकच लांबलचक गाणं वाटतं.

आता भाषा. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून यमकही तिथंच पडतं: आलो, गेलो, झालो, राहिलो. ही यमकं फुकटात मिळतात, आणि तीन गाण्यांत त्यांचा वीट येतो. क्रियापद आधी घ्या, ओळ नामावर संपवा. ‘सोडलं कराड, पाठीवर बिऱ्हाड’ किंवा ‘गाव माझं तासगाव, टाकला मी खास डाव’. दुसऱ्या जोडीत दोन्ही सिलेबल जुळतात, म्हणून ती कानात बसते. सिलेबल मोजताना लिहिलेली अक्षरं मोजू नका, तोंडातून निघतं ते मोजा.

इथंच आपली बोली कामाला येते. एका बारमध्ये सोळा जागा असतात. ‘करत आहे’ चार खातं, ‘करतोय’ दोन. ‘पाहिजे’ तीन, ‘पायजे’ दोन. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन-दोन, ‘हाय’ आणि ‘न्हाय’ एकेक. वाचलेल्या जागेत श्वास घेता येतो किंवा एक शब्द जास्त बसतो. बोली फक्त हुकमध्ये चवीपुरती टाकून व्हर्स पुस्तकी मराठीत लिहिण्याची पद्धत मला पटत नाही. त्यात माणूसही दोन वाटतात आणि लयही अडखळते.

खोलीत रेकॉर्ड करताना वाकळ कुठं टांगायची, हे बहुतेकांचं उलटं होतं. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजाला. म्हणून पहिली जाड वाकळ तुमच्या पाठीमागे हवी, भिंतीपासून चार बोटं सुटी. अंड्यांचे ट्रे चिकटवून फारसा फरक पडत नाही. खोली फारच घुमत असेल तर बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माइक बरा. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; आवाज गेला तर अर्थिंगचा दोष. पंखा बंद. गळीत हंगामात रस्त्याकडेच्या घरात उसाच्या ट्रॅक्टरचा आणि त्यावरच्या गाण्यांचा आवाज येतो, तो नंतर काढता येत नाही, तेव्हा टेक रात्री उशिरा घ्या. साताऱ्याकडे पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंग नकोच.

माइक तोंडापासून एक वीतभर, जरा तिरका. भ, फ, थ, ध या महाप्राणांचा हवेचा झोत सरळ पडद्यावर आदळला तर ‘धप्’ असा आवाज बसतो, आणि आपल्या भाषेत हे वर्ण फार आहेत. ‘चमचा’, ‘जरा’ यांतले दंततालव्य च-ज पाच ते आठ किलोहर्ट्झला टोचतात. डी-एसर, म्हणजे टोचणारा आवाज दाबणारं साधन, तिथं लावा, पण हलका, नाहीतर जीभ जड वाटते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि मीटर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मध्ये. डबल, म्हणजे तेच शब्द पुन्हा म्हणून वर बसवलेला टेक, सगळ्या ओळीवर घेऊ नका, फक्त यमकाच्या शब्दांवर. डबलमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन गिळा, म्हणजे दोन टेकचे ‘ख’ मागेपुढे फुटत नाहीत. आवाजात फरक आणायची ही सगळ्यांत स्वस्त सोय आहे: एका गाण्यात डबल, दुसऱ्यात अजिबात नाही, तिसऱ्यात हुकला मित्रांचा कोरस.

आणखी विसावा हवा तर हलगी घ्या. कुस्तीच्या मैदानात कडाडते तीच. तिचं कातडं शेकून ताणलेलं असतं आणि गार होईल तसा सूर उतरतो, म्हणून दर दोन-तीन टेकनंतर पुन्हा शेकावी लागते. नाहीतर लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, जोडताना सुरुवात आणि शेवट जुळत नाही. छोट्या खोलीत तिचा आवाज फाटतो. अंगणात वाजवा, माइक तीन-चार फुटांवर, गेन (रेकॉर्डिंगची पातळी) गळ्याच्या टेकपेक्षा बराच कमी. वाजवणाऱ्याच्या एका कानात क्लिक (ठोक्यांची टिकटिक) द्या, कारण रंगात आल्यावर लय चढतेच. त्यांना मानधन द्या, श्रेयात नाव द्या आणि वापराची परवानगी लेखी घ्या.

बीटच्या, म्हणजे रॅपखालच्या तयार संगीताच्या, कागदावर गाडी सर्वांत जास्त अडते. यूट्यूबवरच्या ‘फ्री’ बीटचा अर्थ बहुतेकदा ‘कमाई करणार नसाल तर फ्री’ असा असतो. लीजवर, म्हणजे अटी घालून भाड्याने, घेतलेल्या बीटला स्ट्रीमची आणि वर्षांची मर्यादा असते, ती वाचा. स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, मिळणारा लीज घ्या, तरच आवाजाखालचा बास कमी करता येतो. लीजच्या बीटवर कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबवर आपला आवाज ओळखून हक्क सांगणारी यंत्रणा, लावू नका. तोच बीट घेतलेल्या इतरांवर दावे जातात आणि भांडण तुमच्या दारात येतं.

जुन्या पोवाड्याचा तुकडा घ्यायचा मोह इकडे होणारच. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, शब्द आणि चालीचा मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे सर्वसाधारण नियमाने त्यांचे शब्द २०२९ अखेरपर्यंत संरक्षित. परदेशांतले नियम वेगळे असतात आणि स्ट्रीमिंग तिथंही पोचतं. तेव्हा परवानगी काढा किंवा स्वतःचा पोवाडा लिहा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो.

मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची फाइल, फार फुगवू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आवाज आणून ठेवतं, जास्त दाबलेली हलगी तिथं फक्त चपटी ऐकू येते. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. कलाकाराचं नाव प्रत्येक गाण्यात एकाच स्पेलिंगने, नाहीतर निम्मी गाणी दुसऱ्याच कुणाच्या पानावर दिसतात. गीतकार-संगीतकारांची टक्केवारी कागदावर लिहून सह्या घ्या, मग आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, नोंद करा. फाइल वितरकाकडे (स्ट्रीमिंग ॲपवर गाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे) किमान चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रकाशनाआधी किमान सात दिवस लागतात आणि तिथं एकच गाणं निवडता येतं. अल्बममधलं ज्यात तुमची बोली सगळ्यांत मोकळी आहे, ते पाठवा.