दाराजवळची खुर्ची

मध्यंतर संपायला सहा मिनिटं उरली होती. 'G' रांगेच्या मधोमध बसलेल्या एक बाई सरळ माझ्यापाशी आल्या. "दादा, तुम्ही हे आधी पाहिलं असेल. खरं सांगा, थांबू की जाऊ?"

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं चालू प्रयोगावर मत द्यायचं नसतं. मध्यंतर किती वेळाचं, नाटक कधी संपणार, एवढंच बोलायचं. नियम योग्यच आहे. दारातल्या माणसानं नाक मुरडलं, तर आत वीस जणांनी केलेली मेहनत मातीमोल होते. त्या संध्याकाळी मी तो नियम मोडला. बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही.

पहिला अंक पडला होता, यात शंका नव्हती. रंगमंच व्यवस्थापक दर प्रयोगाला अंकाची वेळ वहीत लिहून ठेवतो. नेहमी 74 मिनिटं, त्या दिवशी 81. सात मिनिटांनी असा काय फरक पडतो, असं बाहेरच्याला वाटेल. पण ही सात मिनिटं एका जागी नसतात. अंकात साधारण आठशे वाक्यं आहेत. समोरच्याचं वाक्य संपल्यावर प्रत्येक नट अर्धा सेकंद उशिरा बोलला, की चारशे सेकंद गेले. प्रेक्षकाला तो अर्धा सेकंद जाणवत नाही, फक्त कंटाळा जाणवतो. शिवाय एकाचा कॉलरचा माइक घामानं भिजला होता आणि त्याचं प्रत्येक वाक्य बुडबुड्यातून आल्यासारखं येत होतं.

थांबावं की जावं, याचा विचार करताना मी एवढंच बघतो की दोष आजचा आहे की नाटकाचा. सैल पडलेली लय, बिघडलेला माइक, हे दोष आजचे. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत ध्वनिसंयोजक माइक बदलतो, बॅटरी नवी घालतो. रंगमंच व्यवस्थापक रंगपटात जाऊन "सात मिनिटं जास्त गेलीत, वाक्यं उचला" एवढंच सांगतो, आणि बरेचदा दुसरा अंक वेळेत बसतो. पण पडदा पडताना पुढे कुणाचं काय होणार हे जाणून घ्यावंसंच वाटलं नाही, तर तो लेखनाचा दोष. तो पंधरा मिनिटांत जात नाही. मग निघावं, आणि मध्यंतरातच निघावं, कारण तेव्हा ना शेजाऱ्याला त्रास होतो ना नटाला.

तिकीट काढलंय म्हणून बसणारे मला रोज दिसतात. मनगटावरचं घड्याळ रंगमंचाच्या उजेडाकडे वळवून वेळ बघणारी ही माणसं. याबद्दल हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांचा 1985 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकानं वाचावा. अमेरिकेत एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण किंमत लावली, काहींना सूट दिली. कुणाला काय मिळेल, हे निव्वळ योगायोगावर सोडलं होतं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटकं तीच, आवड तीच, फरक होता तो गेलेल्या पैशांचा. ते पैसे थांबलात तरी गेले आणि उठलात तरी गेले. हातात उरते ती पुढची संध्याकाळ.

आता त्या बाईंचा प्रश्न. दुसरा अंक मी पाच वेळा पाहिलेला. मध्यंतरानंतरची पंचवीस मिनिटं साधारणच. मग दोन बहिणींचा बारा मिनिटांचा प्रवेश. रंगमंचावर एकच टेबललॅम्प, वरून जेमतेम उजेड. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत बोलते आणि थोरली तिनं घातलेली प्रत्येक घडी मोडून पुन्हा घालते. संपूर्ण भांडण त्या घड्यांमध्ये आहे. शेवटच्या साडीला दोघींचे हात एकदमच लागतात आणि बोलणं थांबतं. त्यापुढची वीस मिनिटं मात्र लेखकाला शेवट सापडत नाही. एकामागून एक तीन शेवट येतात, आणि तिसरा सगळ्यात कमकुवत.

मी म्हणालो, "ताई, शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची रिकामी आहे. तिथे बसा. पंचवीस मिनिटं सोसा. टेबलावरचा दिवा लागला की नीट बघा. त्यानंतर कधीही उठलात तरी चालेल."

मधल्या रांगेतून चालू प्रयोगात उठणं म्हणजे आठ-दहा जणांना गुडघे बाजूला घ्यायला लावणं. खांद्याची पिशवी पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्याला लागते, म्हणून ती छातीशी धरावी. खुर्चीची बैठक स्प्रिंगची असते, सोडून दिली की आपटते. हातानं धरून सावकाश वर न्यावी. मोबाइलचा टॉर्च तर लावूच नये, तो थेट नटाच्या डोळ्यांत जातो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि इतका वेळ उजळलेला रंगमंच पाहिलेल्याचे डोळे तर सरावलेलेही नसतात. म्हणून उठल्यावर दोन श्वास थांबावं, पायरीकडेचे छोटे दिवे दिसू लागले की मग पाऊल टाकावं.

सगळ्यात जास्त चूक होते ती ब्लॅकआउटमध्ये. काळोख झाला म्हणजे निघायला बरं, असं लोकांना वाटतं. खरं तर तेव्हाच रंगमंचावर माणसं अंधारात टेबल-खुर्च्या हलवत असतात आणि दार उघडलं की बाहेरचा उजेड थेट त्यांच्यावर पडतो. म्हणून आमच्याकडे दोन दारं आहेत, मध्ये काळ्या पडद्याची चार पावलं जागा. आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही, आणि ब्लॅकआउटमध्ये कुठलंच नाही. पुढच्या प्रवेशाचे दिवे आले की मगच माणसाला सोडायचं.

ही शिस्त डोअरकीपर पोरांच्या अंगी बाणवायला महिने जातात. आमच्याकडे त्याच्या उलट रोग जास्त आहे. प्रेक्षक उठला की त्याच्याकडे गुन्हेगारासारखं बघायचं. एका निर्मात्यानं तर मला सांगितलं होतं की दुसऱ्या अंकात दारं बंद ठेवा. 30 डिसेंबर 1903 रोजी शिकागोच्या इरोक्वाय थिएटरला आग लागली आणि 600हून अधिक माणसं गेली. कित्येक दारं बंद होती, काहींच्या कड्या लोकांना उघडता आल्या नाहीत. आडवी दांडी ढकलली की उघडणारं दार त्या घटनेनंतर काही वर्षांत आलं. प्रेक्षक जावा असं वाटत नसेल तर नाटक बसवा, दार नाही. मध्यंतरच काढून टाकून सलग पावणेदोन तास बसवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. लोक बसून राहिले म्हणजे त्यांना आवडलं, असं नसतं.

त्या बाई थांबल्या. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. लय सावरली होती, नवा माइक स्वच्छ येत होता. टेबललॅम्प लागला तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. बारा मिनिटं हलल्या नाहीत. प्रवेश संपला, काळोख झाला आणि त्या उठल्या. दारातला पोरगा नवीन होता. त्यानं दोन्ही दारं एकदम उघडली. लॉबीच्या ट्यूबलाइटचा उभा चौकोन मधल्या वाटेवरून थेट रंगमंचापर्यंत गेला. थोरली बहीण करणारी नटी साडी हातात घेऊन विंगेकडे निघाली होती. ती त्या उजेडात थबकली.

लॉबीत बाई डोळे पुसत होत्या. "बरं झालं थांबवलंत," एवढंच म्हणाल्या.

मानसशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे. 1993 साली डॅनिएल कानमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना थंडगार पाण्यात हात धरायला लावला. एकदा 14 अंशांच्या पाण्यात 60 सेकंद. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशानं वाढत गेलं. पुन्हा कुठलं कराल विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं. किती वेळ सोसलं याला आठवणीत फारसं वजन नसतं, शेवट कसा झाला याला असतं. बाई घड्या घेऊन घरी गेल्या. पूर्ण थांबलेले लोक जिना उतरताना तिसऱ्या शेवटाबद्दल कुरकुरत होते.

प्रयोगानंतर मी रंगपटात गेलो. नटी रंग उतरवत होती. "माझा प्रवेश संपल्या संपल्या कोण उठून गेलं हो?" पाचशे जणांच्या प्रेक्षागृहात तिला पहिल्या चार-पाच रांगा सोडल्या तर फक्त काळोख दिसतो. त्या काळोखात तिला दिसलं ते एक उघडलेलं दार.

मी सगळं सांगितलं. बाई मध्यंतरातच जाणार होत्या, तुमच्या प्रवेशासाठीच थांबल्या, रडत गेल्या. ती शांतपणे ऐकत होती. मग आरशातूनच म्हणाली, "पण सर, शेवटच्या प्रवेशात मी ती साडी परत आणते. त्यासाठीच घड्या आहेत. ते त्यांनी बघितलंच नाही."

ती साडी तिसऱ्या शेवटात येते. पाच वेळा पाहूनही माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. पुढच्या प्रयोगाला मी मागच्या भिंतीला टेकून फक्त साडी बघत उभा राहिलो. ती साडी आणते, टेबलावर ठेवते, आणि या वेळी घडी मोडत नाही.

शेवट अजूनही लांबतो. पण आता कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते मला माहीत नाही. त्या बाईंना मी तेवढी वीस मिनिटं सोसायलाही सांगायला हवं होतं का?