काकाजींसमोर बसायची हिंमत

मे २०२३. नागपूरचा मे, त्यात शेजारच्या काकाजींच्या कूलरचं पाणी आमच्या जिन्यावर. आई दोनदा घसरता घसरता वाचली. तिसऱ्या दिवशी मी भांडायला गेलो, शब्दाला शब्द वाढला आणि मी त्यांना ढकललं. ओट्यावरून पडले, उजवं मनगट मोडलं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२५, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

खरं सांगतो, सुरुवातीचे कित्येक महिने पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. रागच होता. एवढ्याशा धक्क्यानं कोण पडतं? राग उतरला तशी लाज चढली, आणि लाज फार बेकार. काकाजी ओट्यावर दिसले की मी गाडी वळवून मागच्या गल्लीनं घरी यायचो. दोन वर्षं!

२०२५च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये देशभर प्रलंबित खटल्यांसाठी मध्यस्थीची मोहीम चालली, त्यात आमचाही नंबर लागला. वकील म्हणाले, "हो म्हण, सुटशील." मी नाही म्हटलं. तिथं 'चुकलं' म्हणालो तर तोच कबुलीजबाब होईल, ही भीती. त्यांनी समजावलं, की मध्यस्थीत बोललेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि ३२५ मध्ये कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते. ती भीती गेली तरी पाय उचलेना. काकाजींकडे बघायचं कसं?

सिव्हिल लाइन्सला न्यायमंदिरात मध्यस्थ मॅडमनी आधी मला एकट्याला बसवलं. मी पाठ करून गेलो होतो, "काकाजींना त्रास झाला त्याचा खेद आहे."

"झाला, की तुम्ही दिलात?"

मी गप्प.

मग काकाजी-काकू आत आले. काकाजींनी पाण्याची बाटली उघडायला घेतली. उजव्या हाताची पकड बसेना, तर त्यांनी ती मांडीत दाबली आणि डाव्या हातानं झाकण फिरवलं. इतकी सवयीची हालचाल, की त्यांना स्वतःला त्यात काही वाटलं नसेल. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"काकाजी, मी ढकललं तुम्हाला."

"ते मला माहीत आहे बे. पण दवाखान्यात काऊन नाही आला? गाडी वळवून राहिला होता, दिसत नव्हतं का मला?"

"लाज वाटून राहिली होती."

दोन बैठका लागल्या. दवाखान्याचा खर्च तीन हप्त्यांत, कूलरचं तोंड दुसऱ्या खिडकीला. दोघांच्या सह्या झाल्या, कोर्टानं परवानगी दिली. अशा तडजोडीचा परिणाम कायद्यानं निर्दोष सुटकेचाच असतो. तो 'निर्दोष' शब्द वाचताना मलाच कसंसं झालं.

शेवटचा हप्ता द्यायला मी घरीच गेलो, पुढच्या दारानं. काकाजींनी चहाला बसवलं. काकू काही बाहेर आल्या नाहीत. चहा त्यांनीच केला होता की काकाजींनी, विचारायचं धाडस झालं नाही.