आम्लाचा एक थेंब

इंदूरच्या एका महाविद्यालयात मी भूशास्त्र शिकवतो. आमच्या पायाखाली माळव्याचा काळा बेसॉल्ट असल्यामुळे चुनखडी जागेवर दाखवायची तर विद्यार्थ्यांना धार जिल्ह्यातल्या बागपर्यंत न्यावे लागते. त्यामुळे एका विद्यार्थिनीने प्रात्यक्षिकाच्या टेबलावर रुमालातून बोटाएवढा पांढुरका दगड काढून ठेवला, तेव्हा मला कोण आनंद झाला. मी लगेच त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तो फसफसला आणि सारा वर्ग पुढे झुकला. कुठून आणलास, हे विचारायचे मला त्यानंतर सुचले.

"सर, आजीने बोरा गुहेतून आणलाय. खाली पडला होता म्हणते."

विशाखापट्टणमहून अराकूला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या अनंतगिरीच्या डोंगरातल्या या गुहेपाशी हमखास थांबतात. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीत झिरपते, तिला विरघळवते, आणि छतावरून ठिबकताना तो वायू निसटला की कॅल्साइटचा सूक्ष्म थर मागे राहतो. असा अधोमुखी लवणस्तंभ वर्षाला दशांश मिलिमीटर वाढतो असे धरले (ठिबकण्याच्या गतीनुसार हे पुष्कळ बदलते), तर माझ्या हातातले 9 सेंटिमीटर म्हणजे 900 वर्षे होती.

भिंगाखाली मोडलेला भाग खडीसाखरेसारखा ताजा चकाकत होता, त्याच्या मधोमध पाण्याची बारीक नळी दिसत होती आणि एका अंगाला हिरवट लेप होता. गुहेच्या अंधारात शेवाळ वाढत नाही. पर्यटकांसाठी लावलेल्या दिव्यांच्या उजेडात मात्र वाढते. म्हणजे हा स्तंभ उजेडाच्या वाटेवर, बहुधा हाताला लागेल इतक्या खाली लटकत होता.

दुसऱ्या दिवशी आजी स्वतःच रामबागेहून आल्या. गुहेत शिवलिंग म्हणून पुजला जाणारा स्तंभ आहे, त्या श्रद्धेने प्रसाद म्हणून आणला, असे त्यांनी सांगितले. मी काहीच बोललो नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "पडलेला नव्हता हो, मीच ओढला. परत बसवता येईल का?"

येणार नाही, असे मी सांगितले. नमुन्यांच्या नोंदवहीत देणाऱ्याचे नाव लिहू नका, एवढीच त्यांची विनंती होती. ती जागा मी कोरी ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : "छतावरून तोडलेला. मधला खळगा आम्लाचा, शिक्षकाच्या हातून."