माझा अनुभव : ९६० रुपयांची वसुली

साताऱ्यातील एका पतसंस्थेच्या वसुली विभागात मी सव्वीस वर्षे काढली. थकबाकीदाराच्या दारात केव्हा जावे, केव्हा नुसता फोन करावा आणि केव्हा कागद पुढे ठेवावा, हे मला कोणी शिकवावे अशी वेळ आजवर आली नव्हती. म्हणूनच पुण्यातील एका मल्टिप्लेक्सकडून माझेच ९६० रुपये येणे निघाले, तेव्हा ते आठवडाभरात जमा होतील असे मी घरात सांगून बसलो. प्रत्यक्षात ३९ दिवस लागले.

साताऱ्यात आयमॅक्सचा, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या आणि उंच चित्राचा, पडदा नाही. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतणीचा आग्रह होता की, ज्या चित्रपटाचे मोठे प्रसंग आयमॅक्सच्या कॅमेऱ्याने टिपले आहेत तो आयमॅक्समध्येच पाहायचा. तिने ॲपवरून शनिवार दुपारच्या खेळाची तीन तिकिटे काढली. एका तिकिटाचे ६०० रुपये. त्याच इमारतीत, त्याच चित्रपटाचे, साध्या पडद्यावरचे तिकीट २८० रुपये होते. तिकीट काढून देण्याबद्दल ॲपची वेगळी कन्व्हिनियन्स फी होती, तिच्याकडे पुढे येतो. मी आणि सौ. सकाळच्या विनाथांबा गाडीने स्वारगेटला उतरलो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. परतीला रात्री कोल्हापूर-सांगलीकडची गाडी पकडणार असाल तर ती सातारा स्टँडवर येते की महामार्गावरील बॉम्बे रेस्टॉरंट चौकातच सोडते, हे चढण्यापूर्वी वाहकाला विचारावे, एवढेच.

खेळाच्या वीस मिनिटे आधी आम्ही लॉबीत पोचलो, तर आयमॅक्सच्या दारापुढील दोरीच्या खांबाला चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. त्यावर निळ्या मार्करने लिहिले होते : ‘तांत्रिक कारणास्तव हा शो स्क्रीन ४ मध्ये होईल.’ खाली सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. कागदाभोवती पंचवीसतीस माणसे जमली होती आणि त्यांतील निम्म्यांना नेमके काय बिघडले हेच कळत नव्हते. ‘पिक्चर तोच आहे ना, मग झाले,’ असे एक गृहस्थ म्हणाले. त्यावर पाठीवर सॅक अडकवलेल्या एका मुलाने पॉपकॉर्नचे बिल उलटे करून त्याच्या पाठीवर तीन चौकटी काढल्या. तेवढी नेमकी मांडणी मी नंतर कुठल्याही अधिकाऱ्याकडून ऐकली नाही.

त्याचे म्हणणे असे : पडदा २० मीटर रुंद धरला तर नेहमीच्या रुंदट चित्राची उंची सुमारे ८.४ मीटर येते, कारण रुंदी उंचीच्या २.३९ पट असते. डिजिटल आयमॅक्समध्ये ते प्रमाण १.९० असल्याने तेच चित्र साडेदहा मीटर उंच होते, आणि जुन्या, खऱ्या उंच आयमॅक्समध्ये, जिथे प्रमाण १.४३ आहे, ते १४ मीटरवर जाते. म्हणजे आम्ही ज्याचे पैसे भरले होते ते सुमारे सव्वापट चित्र होते, आणि स्क्रीन ४ मध्ये त्याचा वरचा व खालचा भाग कापला जाणार होता. ‘काका, खुर्ची तीच मिळेल, पण डोक्यावरचे आभाळ मिळणार नाही,’ असे तो म्हणाला.

मघाच्या गृहस्थांना हे रुचले नाही. आम्ही मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला ‘शोले’ ७० एमएममध्ये पाहिलेली माणसे आहोत, आम्हाला मोठा पडदा शिकवू नका, असे ते बोलून गेले. मुलाने नम्रपणे सांगितले की तो चित्रपट चित्रित झाला ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आणि त्यावरून पुढे ७० मिलिमीटरच्या प्रती केल्या. शिवाय त्या ७० मिलिमीटरच्या पट्टीत एका चित्राच्या उंचीला कडेची पाच छिद्रे लागतात, तर आयमॅक्समध्ये पट्टी आडवी धावते आणि एका चित्राच्या रुंदीला तशी पंधरा छिद्रे लागतात. गृहस्थ गप्प झाले, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. पुतणीने मध्येच विचारले की पुण्यात फिल्मवरचा आयमॅक्स दाखवतात का. त्यावर तो हसला. २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ची तशी प्रत सुरुवातीला जगभरात ३० ठिकाणी लागली आणि त्यांत भारतातील एकही ठिकाण नव्हते, इथे आपण पाहतो ते सारे डिजिटल, असे त्याने सांगितले. त्या बिलाचा मी लगेच मोबाइलवर फोटो काढला, आणि सवयीने त्या बिनसहीच्या कागदाचाही.

इथे माझ्याकडून चूक झाली आणि ती चूक करणारा मी वसुलीवाला होतो, याची लाज अजून जात नाही. तिकीट खिडकीवरील कर्मचारी म्हणाला, ‘आता पाहून घ्या सर, फरकाचे नंतर करून देऊ.’ ११० किलोमीटरवरून आलेला माणूस चित्रपट न पाहता परत कसा जाणार? मी मान डोलावली. ते लेखी मागितले नाही. दारावरील मुलीने पुतणीच्या मोबाइलवरील क्यूआर कोड स्कॅन केला, टिक् असा आवाज झाला, आणि त्या आवाजाबरोबर माझी बाजू अर्धी संपली होती, हे मला सोमवारी कळले.

सोमवारी ॲपकडे लेखी तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले की तिकीट ‘वापरलेले’ दिसत असल्यामुळे परतावा देता येत नाही. खेळाच्या दर्जाविषयी चित्रपटगृहाशी संपर्क साधावा. चित्रपटगृहाला मेल केला. सहा दिवसांनी उत्तर आले की तिकीट ॲपवरून घेतले असल्यामुळे रक्कम परत करण्याचा अधिकार ॲपलाच आहे. ते उत्तर जसेच्या तसे ॲपला पाठवले. ॲपने विचारले की खेळ रद्द झाला होता का? झाला नव्हता, बदलला होता. त्यांच्या यादीत ‘रद्द’ हा प्रकार होता, ‘वापरले’ हा प्रकार होता. ‘विकले एक आणि दाखवले दुसरे’ असा प्रकारच नव्हता. मी फोन केला की दरवेळी नवीन माणूस भेटे आणि मला पॉपकॉर्नच्या बिलावरील चौकटींपासून पुन्हा सुरुवात करावी लागे. मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकांशी एकदाच बोलणे झाले. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारले, ‘पण सर, पिक्चर तर पूर्ण पाहिलात ना?’ त्या एका वाक्याने माझी सबंध दुपार खराब झाली. थकबाकीदारही मला असेच विचारत असत, ‘साहेब, व्याज तर भरले ना?’ त्यांना जे उत्तर देत होतो तेच व्यवस्थापकांना दिले : भरलेले मान्य, राहिलेल्याचे बोला. त्यांनी फोन ठेवला.

चोविसाव्या दिवशी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हे मी दुसऱ्याच दिवशी करायला हवे होते. तक्रारीत चीड, आभाळ, सव्वीस वर्षे यांतले काही लिहिले नाही. खेळाचा दिवस व वेळ, तिकिटाचा क्रमांक, भरलेले दर ६०० आणि साध्या पडद्याचा दर २८०, तिघांचा फरक ९६० आणि त्या निळ्या मार्करच्या कागदाचा फोटो, एवढेच दिले. साध्या खेळाच्या दराचा स्क्रीनशॉट पुतणीने त्याच दिवशी काढून ठेवला होता. दर रोज बदलतात, त्यामुळे मागाहून तो पुरावा मिळाला नसता. चौकटींचे बिलही जोडले. ते कोणी पाहिले की नाही, कोणास ठाऊक. शेवटी एक वाक्य घातले : पंधरा दिवसांत निकाल न लागल्यास मी सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. हे वाक्य पोकळ धमकी नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पुण्यातल्या कोणालाही ९६० रुपयांसाठी वकील साताऱ्याला पाठवणे परवडणार नाही, एवढे गणित मला येते.

हेल्पलाइनवरील तक्रारीनंतर बाराव्या दिवशी ॲपकडून स्वतःहून फोन आला. या वेळी समोरच्याला सारे ठाऊक होते. तीन दिवसांनी ९६० रुपये पुतणीच्या खात्यात जमा झाल्याचा संदेश आला, तेव्हा मी राजवाड्यावर भाजी घेत होतो आणि मेथीची जुडी हातात घेऊन तो दोनदा वाचला.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. नुसते ‘मोठा पडदा’ लिहिले असेल तर तो आयमॅक्सच असेल असे नाही, दोन्हींचे दर मात्र सारखेच चढे असू शकतात. चित्रपट मुळात उंच चौकटीसाठी तयार केला आहे का, हे तिकिटाआधी पाहावे. नसेल तर आयमॅक्समध्येही वरखाली काळ्या पट्ट्याच दिसतील. जागा मधल्या रांगेच्या थोडी मागे, बरोबर मध्ये घ्यावी, पुढच्या रांगांत मान दुखते. आणि दाराशी तसला कागद दिसला, तर स्कॅन होण्याआधी त्यावर सही मागावी. सही देत नसतील तर कोड दाखवूच नये, कारण स्कॅन न झालेल्या तिकिटासाठी आपला दावा कितीतरी सोपा राहतो.

कन्व्हिनियन्स फी मात्र परत आली नाही. तिकिटामागे ३० रुपये, तिघांचे ९०, त्यावर १८ टक्के कर, असे १०६ रुपये २० पैसे. तिकीट काढून देण्याची सेवा पूर्ण झाली होती, असे ॲपचे म्हणणे आहे. मी त्यांना दुसरे पत्र पाठवले असून पोचपावती आली आहे.