जेलीत लपवलेला एलईडी शोधताना : प्रगती (आणि थोडी अधोगती)

मंडळी, दीड महिना काहीच टाकलं नव्हतं, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. १४ मिमी खोल पुरलेला दिवा गणिताने १३.५ मिमीवर सापडला, आणि मधल्या काळात तोच दिवा २५ मिमीवरही सापडला आणि ५ मिमीवरही, तर ते कसं झालं ते सांगतो.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. लॅबमध्ये उंदराच्या पेशींत काजव्याचं लुसिफरेज (उजेड पाडणारं एन्झाइम) बसवतात, मग लुसिफेरिन (त्या एन्झाइमचं इंधन) टोचलं की त्या पेशी आतून मंद उजळतात, आणि उणे ९० अंशांपर्यंत थंड केलेला सीसीडी कॅमेरा बाहेरून तो उजेड टिपतो. आता बाहेर दिसतो फक्त एक धुरकट डाग, त्यावरून आत दिवा कुठे आणि किती खोल ते काढायचं, एवढाच खेळ. (मेच्या शेवटी भंडारदऱ्याला झाडं लखलखताना बघितली असतील तर तेच रसायन, फक्त ३७ अंशांना त्याचा रंग पिवळ्या-हिरव्याकडून ६१० नॅनोमीटरच्या आसपास लालसर होतो, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं, कारण रक्त ६०० च्या खालचा उजेड पिऊन टाकतं.)

माझ्याकडे उंदीर नाही आणि नकोय पण. माझा उंदीर म्हणजे चायना ग्रास, दूध, काळ्या ड्रॉइंग शाईचे काही थेंब आणि प्लास्टिकचा डबा. चायना ग्रास पाण्यात नीट उकळून पारदर्शक होईपर्यंत थांबा, मग साधारण ५० अंशांपर्यंत खाली आलं की कोमट केलेलं दूध हळूहळू सोडा. थंड दूध ओतलं तर गाठी होतात आणि जोरात ढवळलं तर बुडबुडे अडकतात, आणि बुडबुडा म्हणजे उजेड विखुरणारा फुकटचा पाहुणा, त्याचा हिशोब कुठल्याच समीकरणात नसतो. एलईडीच्या पायांना पारदर्शक नेलपॉलिशचे तीन हात दिले. पहिल्यांदा दिले नव्हते, तर दुसऱ्या दिवशी तारेभोवती हिरवट डाग आणि दिवा बंद.

पहिला धडा लाजिरवाणा आहे. फोटो जेपेगमध्ये काढले होते! जेपेग उजळ भाग दाबतो आणि अंधारा भाग उचलतो, त्यामुळे जो डाग खरं तर १५ मिमी रुंद होता तो २४ मिमीचा दिसायला लागला, आणि रुंद डाग म्हणजे खोल दिवा असं गणित समजतं, म्हणून उत्तर आलं २५ मिमी. मी चार दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो. आकाशाचे फोटो काढणाऱ्या माणसाने हे विसरावं म्हणजे कमाल आहे. आता फक्त रॉ (सेन्सरचे कच्चे आकडे), वर तेवढ्याच एक्स्पोजरची डार्क फ्रेम (लेन्स झाकून काढलेला फोटो) वजा.

दुसरं, जेलीचे गुणधर्म मी आधी पुस्तकातून घेतले होते, उजेड दर मिलिमीटरला किती घटतो तो आकडा ०.१७. यावेळी मोजला. जेलीत जे मिश्रण तेच मोठ्या पातेल्यात भरलं, उजेड गोळा करायला एक प्लास्टिकची ऑप्टिकल फायबर मध्यभागी, आणि विणायच्या सुईला बांधलेला एलईडी तिच्यापासून २-२ मिमी मागे सरकवत रीडिंग घेतली. रीडिंग गुणिले अंतर, त्याचा लॉग, तो अंतरासमोर काढला की सरळ रेषा येते आणि तिचा उतार म्हणजे आपला आकडा. ०.२१ आला. (आई म्हणाली, दुधात शाई कालवायला तुला एवढं शिकवलं का. मी काही बोललो नाही.) एवढं करून खोलीत फरक पडला जेमतेम १ मिमीचा, पण आता कमीत कमी कुणाला दोष द्यायचा ते कळतं.

आता खरी गंमत, रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे बाहेरच्या डागावरून आतला दिवा काढणं. जेलीचे २ मिमीचे ठोकळे धरले तर ३० × ३० × १५, म्हणजे १३,५०० अज्ञात, आणि वरून मोजमापं ९००. साहजिकच उत्तरं ढिगाने निघतात, त्यातलं एक निवडायला काहीतरी अट घालावी लागते. अशा प्रश्नांत नेहमी लावतात ती टिखोनोव्हची अट म्हणजे 'एकूण उजेड कमीत कमी आणि पसरलेला ठेव', तर ती काय करते, पृष्ठभागाजवळच्या ठोकळ्यांना थोडासाच उजेड देऊन डाग रंगवून मोकळी होते, कारण ते स्वस्त पडतं. म्हणून दिवा ५ मिमीवर, आणि तोही दिवा नाही, फुगलेली इडली. खोल ठोकळ्यांना त्यांच्या कमजोरीच्या प्रमाणात वजन दिलं तर १० वर आला, इडली तशीच. मग २००९ ची बेक-टेबूल यांची फिस्टा (FISTA) ही गणिती रीत लावली, जी म्हणते 'कमीत कमी ठोकळे पेटव'. चाळीसेक ओळींचा पायथन, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीशिवाय काही लागत नाही. इडलीचा शेंगदाणा झाला, १२ मिमीवर. याच विषयातले संशोधक गे वांग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवलंय की आधीची काही माहिती नसेल तर या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं, त्यामुळे 'दिवा छोटा आहे' ही माहिती कोंबणं म्हणजे चीटिंग नाही, तेच औषध आहे.

उरलेले दीड-दोन मिमी रंगाने दिले. टॉर्चवर तळवा ठेवला की तो लालभडक दिसतो ना, तेच तत्त्व. लाल एलईडी काढून वॉर्म व्हाइट लावला, जेलीत खायचा लाल रंग घातला आणि कॅमेऱ्याचे लाल आणि हिरवा चॅनल वेगळे घेतले. दिवा ६ वरून १४ मिमीवर नेला तर हिरवा लालपेक्षा जवळजवळ सहापट जास्त घटला, म्हणजे नुसत्या गुणोत्तरातच खोली लिहिलेली आहे! दोन्ही चॅनलची समीकरणं एकाखाली एक रचून फिस्टाला दिली आणि १३.५. एक सावधगिरी, हिरव्या पिक्सेलमध्ये थोडा लालही झिरपतो, खोल गेल्यावर 'हिरवा' म्हणून जे मोजतो त्यात बराचसा लालच असतो, तो आधी वजा करा नाहीतर खोली कमी येते.

जे जमलं नाही ते पण सांगतो. १४ मिमीवरच ८ मिमी अंतराने दोन दिवे ठेवले, तर फिस्टाने मधोमध एकच ठणठणीत दिवा दाखवला, अगदी आत्मविश्वासाने. वरून एकाच बाजूने बघून हे सुटेल असं मला वाटत नाही, म्हणून आता पाण्याच्या बाटलीत गोल जेली ओतून ती ९०-९० अंशांनी फिरवत चार बाजूंनी फोटो घेणार आहे. गोल आकाराला माझं सपाट पृष्ठभागाचं सूत्र चालणार नाही, तिथे डार्टमथचं निरफास्ट (उजेड ऊतींत कसा पसरतो ते मोजणारं सॉफ्टवेअर) वापरून बघतो. कुणी त्यात सिलिंडरचा मेश (छोट्या तुकड्यांची जाळी) बनवला असेल तर सांगा, आणि लवकर सांगा, कारण आधीची जेली फ्रीजमध्ये चौथ्या दिवशी आंबली आणि नवीन दूध मला आता स्वतःच्या पैशाने आणावं लागतंय.